अर्ध्यावर उतरलेला झेंडा

फिनलंडला आल्यापासून मी दर रविवारी घरी फोन करते, आणि दर रविवारी थोडं थोडं फेकते. इस्लामपूरची मामेबहीण विचारते, "दारात पांढरं अस्वल येतं का गं?" मी म्हणते, "रोज. चहा पिऊन जातं." खरं तर फिनलंडच्या जंगलात पांढरी अस्वलं नाहीतच. बघायचं तर रानुआच्या प्राणिसंग्रहालयात जावं लागतं. 'सहा महिने रात्र' ही दुसरी आवडती थाप. मी राहते त्या हेलसिंकीत डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीसुद्धा जवळजवळ सहा तास उजेड असतो. पार उत्तरेच्या उत्स्योकीत सूर्य उगवत नाही, तोही सुमारे ५० दिवस. पण 'सहा महिने' म्हटलं की समोरचा "बाप रे" म्हणतो, आणि त्या 'बाप रे'ची चटक लागते.

यात कुणाचं काय बिघडतं? बराच काळ माझं उत्तर होतं, काहीच नाही. फिनिश लोक तर स्वतःवरच हसतात. कारोलीना कोर्होनेनच्या 'फिनिश नाइटमेअर्स' या चित्रमालिकेत एक माणूस बाहेर शेजारी आहे म्हणून स्वतःच्या दाराआड थांबून राहतो. ते चित्र मी फॅमिली ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "असेच असतात इथले."

मग मीही तशीच वागू लागले. शेजारच्या आजोबांची पावलं वाजली की दाराआड थांबायचे. त्यांना बोललेलं आवडत नसेल, असं स्वतःला सांगायचे. सोय माझीच होती. भाषा येत नव्हती, आणि इथल्या रीतीचा मान राखल्याचं समाधान फुकटात मिळत होतं.

जानेवारीत एका सकाळी इमारतीच्या अंगणातला झेंडा अर्ध्यावर दिसला. पांढऱ्या बर्फात तो निळा क्रॉस फार सुंदर दिसत होता. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. भरपूर बदाम आले.

मे महिन्यात इमारतीचं 'तालकोत' होतं. आपल्याकडची इर्जिकच समजा. सगळ्या रहिवाशांनी मिळून अंगण साफ करायचं, मग सॉसेज आणि कॉफी. आजोबांबरोबर पानं गोळा करताना मी मोडक्यातोडक्या फिनिशमध्ये विचारलं, "आजी दिसल्या नाहीत बरेच दिवस?"

"ती जानेवारीत गेली," ते म्हणाले. मग काठीकडे बघून, "झेंडा होता ना."

इमारतीत कुणी वारलं की इथे झेंडा अर्ध्यावर आणतात, हे मला तेव्हा कळलं. ज्यांच्या न बोलण्यावर मी हसत होते, त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगितलं होतं. आमच्या गावात शेजारी मयत झालं तर न विचारता पिठलं-भात जातो. इथे माझ्या भिंतीपलीकडे माणूस गेलं आणि मी फोटो काढला.

अतिशयोक्ती खोटी असते म्हणून वाईट, असं मला अजूनही वाटत नाही. अस्वलाच्या थापेनं अस्वलाचं काही बिघडत नाही. माणसांचं बिघडतं, आणि तेही गोष्टीत थोडं खरं असतं म्हणून. इथले लोक कमी बोलतात, हे खरंच आहे. पण फिनिश माणूस त्यावर विनोद करतो तेव्हा उरलेलं सगळं त्याला ठाऊक असतं; झेंडा, तालकोत, सगळं. माझ्याकडे नुसता विनोद होता. त्यावरून मी ठरवून टाकलं की या म्हाताऱ्या माणसाला कुणी नकोच आहे. एकदा तसं ठरवलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिठलं-भात घेऊन त्यांची बेल वाजवली. चार महिने उशिरा. त्यांनी डबा घेतला, "कीतोस" म्हणाले, दार लावलं. दोन दिवसांनी स्वच्छ घासलेला डबा माझ्या दाराच्या कडीला पिशवीत लटकत होता. चिठ्ठी नव्हती.

ते खरंच कमी बोलतात. आता पावलं वाजली की मी दार उघडते.