जातच तशी?



जळगाव-धुळ्याच्या नव्या वसाहतींत बंगल्यांच्या फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध राहा' ही पाटी हमखास दिसते. आत पिटबुल किंवा रॉटवायलर असला की येणारे-जाणारे म्हणतात, "त्याची जातच तशी."

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानेही राज्यांना पत्र पाठवून अशा २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास सांगितले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द ठरवले. संबंधितांचे म्हणणे ऐकूनच घेतले नव्हते, हे त्यामागचे एक कारण.

लोकांची भीती खोटी नाही. ताकदवान जबड्याचा कुत्रा चावला तर इजा मोठी होते. पण तो चावेल की नाही, हे जात सांगते का? २०२२ साली 'सायन्स' नियतकालिकात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातील फरकात जातीचा वाटा सुमारे ९ टक्केच आढळला.

साक्रीकडच्या ठेलारी मेंढपाळांचा कुत्रा पाहा. रात्री परक्याला तो वाड्याजवळ फिरकू देत नाही. दिवसा मात्र घरची पोरे त्याच्या अंगाशी खेळतात. त्याला राखण शिकवली, तशी मायाही लावली. उलट, कोणी दिखाव्यासाठी महागडे पिल्लू आणतो, रात्रंदिवस आखूड साखळीला बांधतो. येता-जाता मुले खडे मारतात. एक दिवस तो चावतो. मालक म्हणतो, "जातच तशी," आणि मोकळा होतो.

मराठीत 'जात' हा शब्द कुत्र्याला आणि माणसाला एकच आहे. तुलना त्या दोघांची नव्हे, आपल्या नजरेची आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसांवर शिक्का मारला. पारधी समाजानेही तो सोसला. कायदा १९५२ साली रद्द झाला. पण गावात चोरी झाली की आजही आपली नजर आधी पालांकडे वळते. ती वळवायला आपल्याला कोणताही पुरावा लागत नाही.

"जातच तशी" हे शब्द ओठांवर आले की क्षणभर थांबू या. कुत्र्याच्या बाबतीत विचारू या, साखळी कोणाच्या हातात होती? माणसाच्या बाबतीत विचारू या, याने स्वतः काय केले?