बांधावरचा कल्पा

मुदखेडच्या शिवारात फुलं पोत्यानं निघतात. गलांडा, काकडा, मोगरा, गुलाब. नांदेडचा बाजार भरला की उरलेला माल हैदराबादेकडं जातो. अशाच एका रानात बांधाच्या अलीकडं थोरला भाऊ फुलं लावायचा, पलीकडं धाकटा काकडी. बापाच्या वेळी त्या बांधावरून बैलगाडी जायची. दोघांनी दरसाल नांगराचं एकेक तास आत घालून तो इतका कोरला की आता माणूस जेमतेम चालेल. दोघंही एकमेकाला चोर म्हणायचे, आणि दोघंही खरं बोलायचे.

उरलेल्या त्या पट्टीवर पावसाळ्यात छोटा कल्पा माजायचा. गुडघ्याएवढं झाड, पानं कानशीसारखी खरखरीत, अंगभर ताठ कूस. फूल फिकट निळं, पण मान खाली घातलेलं; नीट बघायचं तर वाकावं लागतं. मधमाशी मात्र बरोबर खालून येऊन त्याला उलटी लोंबकळते. भोकराचं झाड याच गोतातलं, आणि थंड मुलखातल्या बागांमध्ये मिरवणारं फर्गेट-मी-नॉटही. त्याचं बी लोक पाकिटात विकत घेतात. कल्प्यावर फवारा मारतात.

फुलं तोडणाऱ्या बायांच्या हातांना ती कूस लागायची, हात चरचरायचे. बाया कुरकुरल्या, तसं थोरल्यानं ऐन श्रावणात बांधावर तणनाशक मारलं. बघता बघता बांध करपला.

पुढं धाकट्याची काकडी बिघडली. कळ्या पिवळ्या पडून गळू लागल्या. ज्या टिकल्या त्या कोयत्यासारख्या वाकल्या, देठाकडं फुगीर आणि टोकाला चिंबलेल्या. त्यानं आधी बियाण्याला शिव्या दिल्या. मग दुकानातून टॉनिक आणलं, ते लागू पडेना म्हणून आणखी महागडं आणलं. काकडीच्या वेलाला नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फूल एकच दिवस उमलतं आणि त्या दिवसात माशी आठ-दहा वेळा येऊन गेली तर फळ सरळ भरतं. हे काम बाटलीतल्या औषधाच्यानं होत नाही. दुकानदाराचं बिल तेवढं होतं.

माय वेलांत खुरपत होती. सकाळचं ऊन वर आलं तरी कानाशी गुणगुण नाही, हे तिच्याच ध्यानात आलं.

"माश्या कुठं गेल्यात रे?"

धाकट्यानं तिथूनच थोरल्याला हाक मारली आणि बांध जाळल्याचा जाब विचारला. थोरला हसला. "शेजारी माझा फुलांचा मळा असताना माश्या उपाशी? माय, तू तरी काय बोलायलीस?"

"तुझा काकडा कळीतच तुटतो," माय म्हणाली. "गलांडा उमलला की खुडतूस. दिवस वर येतो तव्हा तुझी फुलं टेम्पोत असतात. माश्यांनी काय टेम्पोमागं पळावं? त्यांचं पोट बांधावर होतं. ते तू जाळलास."

फुलांच्या गावात माश्यांना फूल मिळू नये, हे थोरल्याला पटायला वेळ लागला. पटलं तेव्हा त्यानं ज्याची सवय होती तेच केलं, शेती. दिवाळीनंतर ओढ्याकाठी वाळलेल्या कल्प्याचं बी गोळा केलं. पुढच्या मृगात रानाच्या कोपऱ्यात वाफा काढून पेरलं, ठिबक सोडलं, मोगऱ्याला देतो तेवढं खत दिलं. झाड मांडीला लागलं, पानं अशी रुंद की तंबाखू वाटावा. फूल नावाला. भावकीतले लोक तण बघायला येऊन हसून गेले.

"खाऊनपिऊन माजलंय," माय म्हणाली. "बांधावर कोण पाणी देत होतं त्याला?"

बांधावर त्या साली कुणी फवारलं नव्हतं. मातीत पडून राहिलेलं जुनं बी पाऊस पडल्यावर आपोआप वर आलं होतं. पण पट्टीच एवढीशी की मूठभर झाडं मावावीत.

त्या वर्षी खरिपाचं पीक निघाल्यावर थोरल्यानं नांगर घातला तो बांध सोडून, एक तास आपल्याच रानात आत घेऊन. कुणाला काही बोलला नाही. धाकट्यानं सकाळी ते पाहिलं आणि यात काय डाव आहे याचा विचार करत बसला. वकिलाकडं जाऊन यावं असंही त्याच्या मनात आलं. शेवटी त्यानंही आपलं तास आत ओढलं. मात्र थोरल्यानं सोडलं तेवढंच, काठीनं मोजून.

बायांचे हात पुढच्या श्रावणात पुन्हा चरचरू लागले. थोरल्यानं जुन्या शर्टांच्या बाह्या कापून त्यांना हातात घालायला दिल्या. एकीनं तेवढ्यावर न भागवता रोजही वाढवून मागितला, आणि त्याला तो द्यावा लागला.

काकडी सरळ आली. धाकट्यानं पहिली पाटी थोरल्याच्या दारात नेऊन ठेवली. वहिनीनं चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत काकड्या मोजून घेतल्या.