कर्म कुणाचे, भोग कुणाला?

निकाराग्वातल्या चिचिगाल्पा भागात ऊसतोडीला जाणारे कितीतरी तरुण ऐन उमेदीत मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. बहुतेकांना ना मधुमेह होता, ना आधीपासूनचा रक्तदाब. आपल्याकडे असा रुग्ण दिसला की कुणीतरी म्हणतेच, ‘प्रारब्ध, दुसरे काय! भोगूनच संपवायचे.’ कर्मसिद्धांत इतका स्वस्त आहे का?

मूत्रपिंडांचे वजन शरीराच्या जेमतेम अर्धा टक्का, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. दिवसाला 180 लिटरच्या आसपास द्रव गाळायचा आणि एक-दोन लिटर सोडून बाकीचा परत शोषून घ्यायचा, हे काम पेशींमधल्या मायटोकाँड्रियांच्या जिवावर चालते. प्राणवायू वापरताना तिथे सुपरऑक्साइडसारखे दाहक रेणू थोडेफार तयार होतातच. निरोगी पेशी ते निकामी करते. भर उन्हात, पुरेसे पाणी न पिता दिवसभर कोयता चालवला की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो, हे रेणू पेशीला आवरेनासे होतात. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. इजा भरून येण्याआधी पुन्हा इजा होते आणि नाजूक नलिकांच्या जागी व्रण उरतो. चिचिगाल्पाच्या आजारामागे ऊन आणि अतिश्रम हे प्रमुख कारण मानले जाते.

मग औषधाने हे रेणू आवरावेत? पेशीची संरक्षक यंत्रणा चेतवणारे बार्डोक्सोलोन हे औषध मोठ्या आशेने तपासले गेले, पण हृदयाला धोका दिसल्याने 2012 मध्ये त्याची मोठी चाचणी थांबवावी लागली.

औषध नाही, मग दोष कुणाच्या कर्माचा? आयुर्वेदातल्या चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्य अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो: माणसांची प्रकृती, आहार, वय सगळे वेगवेगळे असताना एकाच रोगाने एकाच वेळी सारा जनपद कसा उद्ध्वस्त होतो? आत्रेय सांगतात, वायू, जल, देश आणि काल बिघडल्यामुळे. त्या बिघाडाचे मूळ ते अधर्मात शोधतात, आणि देश-नगरांचे प्रमुखच धर्म सोडून वागतात तेव्हा तो अधर्म कसा पसरतो, हेही सांगतात. पूर्वकर्म तिथे नाकारलेले नाही; पण रोग्याकडे बोट दाखवून आत्रेय मोकळे होत नाहीत, हे फार मोलाचे आहे.

निकाराग्वाच्या फडांत सावली, पाणी आणि सक्तीची विश्रांती दिल्यावर मजुरांच्या मूत्रपिंडांना होणारी इजा कमी झाली. प्रारब्ध पाण्याने आणि सावलीने बदलत असेल, तर ते मजुराचे एकट्याचे नव्हते. आपल्या ऊसतोडीत आजारपणाचा खाडाही उचलीच्या हिशेबात दंड म्हणून लागतो. कारखान्यांनी आणि मुकादमांनी हा दंड आधी बंद करावा, आणि फडात सावली व प्यायला पाणी द्यावे.