धन्याला विचारल्यासारखं

बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाशी बोलत नाही. दात बघतं, पाठीवर थाप मारतं आणि धन्याला विचारतं, "याला खोड काय?" बैलाला बोलता येत नाही, म्हणून ते चालतं. हीच रीत दवाखान्यात शिरली की माणसाचं जनावर होतं.

माझ्या चुलतभावाला लहानपणी पोलिओ झाला. उजवा पाय बारीक राहिला. पण उसाला दारं धरण्यापासून सोसायटीच्या हिशेबापर्यंत सगळं तोच बघतो. त्याचा दाखला काढायला आम्ही गेलो, तर डॉक्टरांनी मला विचारलं, "याला कधीपासून आहे? हा काही काम करतो का?" भाऊ समोरच उभा. तो म्हणाला, "साहेब, पोलिओ पायाला झालाय, जिभेला नाही."

डॉक्टरांचीही बाजू आहे. बाहेर ही मोठी रांग, आणि टक्के मोजल्याशिवाय दाखला होत नाही. २०१६ च्या कायद्यानं बऱ्याच सवलतींना निदान ४० टक्के लागतात. पण टक्के मोजायचे ते अपंगत्वाचे. "तो साठ टक्केवाला पाठवा" असं म्हणलं, की ते माणसालाच चिकटतात. गावात कुणी 'लंगड्या' म्हणलं तर उलटून बोलता येतं. डॉक्टरांचा शब्द मात्र शिक्क्यासारखा बसतो. त्यांच्यापुढं आपण गरजेपोटी उभे असतो.

कुणी म्हणेल, आता 'अपंग' जाऊन 'दिव्यांग' आलं, मिटलं की. पण 'दिव्यांग' म्हणूनही सोबतच्यालाच विचारलं, तर काय बदललं? शिवाय हा शब्द कुणाला आवडतो, कुणाला नको वाटतो. ज्याचं त्याला विचारावं.

आमच्या केडगावची पंडिता रमाबाईंची गोष्ट मला यात फार मोलाची वाटते. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, त्या डॉक्टर व्हायचं मनात धरून. ऐकू कमी येत असल्यामुळं ते शिक्षण राहिलं. पुढं त्यांनी इथं मुक्ती मिशन उभं केलं, शेकडो निराधार बायका-पोरींना आसरा दिला, तिथं अंध बायका ब्रेल वाचायला शिकल्या. रमाबाईंना कमी ऐकू येतं, हे खरंच होतं. पण तेवढ्यावर बाईंचं माप काढलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

डॉक्टरांनी उणं लपवावं असं माझं म्हणणं नाही. आजार स्पष्ट सांगावा, कागदावर नीट लिहावा. फक्त ज्याचा आहे त्याच्याकडं बघून बोलावं. 'याला'च्या जागी 'तुम्हाला' म्हणल्यानं रांग काही लांबत नाही.