कामाच्या वाटेवरचे मरण

20 ऑगस्ट 2021 रोजी बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडजवळच्या तढेगाव फाट्याच्या परिसरात, एक टिप्पर उलटला. समृद्धी महामार्गाच्या कामाच्या लोखंडी सळया त्यात भरल्या होत्या आणि त्याच सळयांसोबत मजूर बसवले होते. 13 मजुरांचा जीव गेला. पुढे 1 ऑगस्ट 2023 रोजी याच महामार्गावर शहापूरजवळ गर्डर बसवणारे यंत्र कोसळून 20 जण मेले, तेव्हा बांधकामावरील सुरक्षेचा प्रश्न निदान विचारला तरी गेला. तढेगावची घटना मात्र रस्ता अपघातांच्या बातम्यांत जमा झाली. वास्तविक दोन्हीकडचे लोक एकाच रस्त्याच्या कामासाठी घर सोडून आलेले होते. कामगाराचे मरण कामावरचे मरण म्हणून मान्य झाले तरच त्यातून सुधारणा निघते, आणि आपल्याकडे ही मान्यता सर्वांत गरीब मजुरापर्यंत नेहमीच सर्वांत उशिरा पोहोचली आहे, असे मला वाटते.

इतिहास याला साक्ष आहे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा 1881चा. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि 100 किंवा अधिक माणसे राबणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता, आणि वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. कापूस पिकवणाऱ्या वऱ्हाड-खानदेशात याचा अर्थ उघड होता: हंगामापुरते धडधडणारे, सरकी काढणारे जिन कायद्याबाहेर. खानदेशातल्या जिनांत बायका पहाटेपासून रात्रीपर्यंत आणि घाईच्या दिवसांत रात्रंदिवस राबत, अशी साक्ष मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे झाली होती. त्याच कमिशनकडे 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे 5,500 गिरणी कामगारांचा अर्ज नेला. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती या मागण्या आपल्याला ठाऊक असतात. पण जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी, हीही मागणी त्यात होती. सुट्टी 1890 साली मिळाली. नुकसानभरपाईचा कायदा व्हायला 1923 उजाडले. लोखंडे तोवर हयात नव्हते. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यात 1911 साली आगीत 146 कामगार गेले आणि काही वर्षांतच तिथले कायदे बदलले, कारण कामगारांना आत अडकवणारे कुलूपबंद दार कोणाच्या इमारतीचे हे सगळ्या शहराला दिसत होते. रस्त्याच्या मजुराला असे दार नसते. ठेकेदाराचा तळ पुढे सरकतो आणि मागे पोलिसांचा पंचनामा उरतो.

यावर म्हटले जाते की चूक चालकाची असते. पण सळया आणि माणसे एकाच गाडीत भरण्याचा निर्णय चालक बसण्याआधीच झालेला असतो. 2 ऑक्टोबर 2023 रोजी नांदुरा तालुक्यात वडनेर भोलजीजवळ महामार्गाच्या कामावरच्या, मेळघाटातून आलेल्या मजुरांना झोपेत ट्रकने चिरडले. तिथे तर ते वाहनातही नव्हते. रस्त्याकडेचा निवारा हीच त्यांना मिळालेली जागा होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कायदे पुरेसे आहेत, भरपाईही मिळते. हे अर्धे खरे आहे. कामावर जाताना झालेला अपघात कामाशी जोडता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये स्पष्ट केले. पण ते प्रकरण धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याच्या रखवालदाराचे होते. पहाटे तीनच्या पाळीला निघालेला हा माणूस एप्रिल 2003 मध्ये वाटेत मेला आणि त्याच्या घरच्यांना न्यायासाठी 22 वर्षे लागली. ज्याचे गाव दुसऱ्या राज्यात आहे आणि ज्याला मुख्य ठेकेदाराचे नावही माहीत नाही, त्याच्या विधवेने ही वाट कशी चालावी? शिवाय भरपाई मेल्यानंतरची. नव्या श्रमसंहितेत कंत्राटी कामगारांसाठीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 20 वरून 50 कामगारांवर गेली आहे. काम पोटकंत्राटदारांत वाटले की एका हाताखाली तेवढी माणसे भरतच नाहीत. चार महिन्यांच्या जुन्या अटीने जिनांचे जे केले, तेच ही अट रस्त्यांचे करील, अशी मला भीती आहे.

मजुरांच्या सुरक्षेची सक्ती केली तर कामे महागतील, रखडतील, असे कोणी म्हणेल. 701 किलोमीटरच्या महामार्गाच्या खर्चात मजुरांना तळावरून कामावर नेणारी बस भारी पडते, हे मला पटत नाही. रस्त्याचे काम देणाऱ्या प्रत्येक संस्थेने ठेकेदाराचे बिल मंजूर करण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: मजूर प्रवासी वाहनातूनच जातात का, त्यांचा मुक्काम रहदारीपासून दूर आहे का, आणि तळ ते काम या वाटेवरचा प्रत्येक मृत्यू कामगार विभागाकडे कामावरचा मृत्यू म्हणून नोंदला गेला का. बुलढाण्याच्या लोकप्रतिनिधींनी ही मागणी विधिमंडळात मांडावी आणि मतदारांनी त्यांना ती मांडायला लावावी.