प्रारब्ध कोणी कोणाला सांगावं?

आमच्या निफाड तालुक्यात गारपिटीच्या दुसऱ्या दिवशी ‘प्रारब्ध’ हा शब्द हमखास कानावर पडतो. २६ नोव्हेंबर २०२३ ला, रविवारी, अवकाळी पावसाबरोबर गारा झाल्या. सोमवारी उजाडताच आमच्या द्राक्षबागेत गेलो, तर पानांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि नुकते मणी धरलेले घड ओळीखालच्या चिखलात पडले होते. काडीला जिथं गार लागली होती तिथं साल फाटून आतलं ओलं हिरवं लाकूड दिसत होतं. माझा भाऊ काहीच बोलत नव्हता. एकेका काडीवरून नुसतं बोट फिरवत ओळीच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. शेजारपाजारची माणसं बांधावर येऊन उभी राहत होती. त्यांच्याही बागा गेल्या होत्या. जाताना प्रत्येक जण तेच म्हणत होता, “प्रारब्ध, दुसरं काय!”

ते आपुलकीनं बोलत होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मी आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, आणि या शब्दाचं आपण जे केलं आहे ते मला आता सहन होत नाही.

प्रारब्ध म्हणजे ज्याचा आरंभ होऊन गेला आहे ते. कीर्तनातून संचित, प्रारब्ध, क्रियमाण अशी तिपेडी वाटणी आपण ऐकत आलो आहोत. साठलेलं ते संचित, त्यातलं फळायला लागलेलं ते प्रारब्ध, आणि आज हातून घडतंय ते क्रियमाण. ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात मात्र वाटणी दोनच भागांची आहे, फळायला लागलेलं आणि न लागलेलं. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्यात (१९१५) याच दुहेरी वाटणीचा आधार घेतला. त्या प्रकरणाचं नाव ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’. कर्माच्या फळांची चर्चा आणि माणसाच्या स्वातंत्र्याची चर्चा त्यांनी एकाच प्रकरणात केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

ब्रह्मसूत्रांत ही वाटणी करावी का लागली, हे पाहिलं पाहिजे. तिथं गारपीट, कर्ज, आजारपण, अकाली मृत्यू यांतलं काहीही चर्चेत नाही. तिथली अडचण अशी: ज्ञान झालं की सगळी कर्मं नाहीशी होतात म्हणता, मग ज्ञानी माणसाचा देह त्याच क्षणी का पडत नाही? तो जेवतो, चालतो, शिष्यांना शिकवतो, आजारीही पडतो, ते कसं? भाष्यकार शंकराचार्यांनी उत्तर दिलं की ज्ञानानं साठा नाहीसा होतो, पण ज्या कर्माचं फळ सुरू झालंय ते संपेपर्यंत देह राहतो. म्हणजे हा विचार जीवन्मुक्त माणसाचा देह समजावून सांगण्यासाठी झाला. आणि आपण तो सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकलेल्या माणसाच्या ओसरीवर नेऊन ठेवला.

यावर कोणी म्हणेल की ज्याचं त्याचं कर्म ज्याला त्याला भोगावं लागतं, हे तर बहुतेक सगळी दर्शनं सांगतात. सांगतात. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात कर्माची फळं तीन सांगितली: जन्म, आयुष्य आणि भोग. त्यांच्या भोगात सुखही येतं आणि दुःखही. आपल्या बोलण्यात मात्र ‘भोग’ म्हटलं की दुःखच. कर्मसिद्धान्त नाकारायला मी बसलेलो नाही. पण गीतेच्या चौथ्या अध्यायात खुद्द श्रीकृष्ण म्हणतात की कर्माची गती गहन आहे, कळायला अवघड आहे. सांगणाराच जर अर्जुनासारख्या शिष्याला असं बजावतो, तर शेजाऱ्याच्या मागच्या जन्मीचा हिशेब बांधावर उभं राहून वाचण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

त्या हिवाळ्यात भावाच्या मनात वेगळंच चाललं होतं. रात्री जेवताना मध्येच म्हणायचा, “दादा, आपण छाटणी आठ दिवस मागं घ्यायला पाहिजे होती.” ऑक्टोबरची गोडी छाटणी कधी घ्यायची हा आमच्याकडे मोठा जुगार असतो. लवकर घेतली तर पाऊस आणि डाउनी रोग, उशिरा घेतली तर थंडी आणि पडलेला भाव. सगळा दोष तो स्वतःच्या कात्रीवर घेत होता. तेव्हा मी त्याला गीतेचा अठरावा अध्याय उघडून दाखवला. कुठलंही कर्म घडायला तिथं पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवं दैव. आमच्या बोलीत सांगायचं तर जागा, करणारा, साधनं, खटपट, आणि शेवटी दैव. (कर्ता, करण ही नावं व्याकरणातून मुलांना ठाऊक असतात. पाणिनीच्या सहा कारकांत दैव मात्र नाही, हे मी वर्गात आवर्जून सांगत असे.)

हे दैव म्हणजे तरी काय? शंकराचार्य आपल्या गीताभाष्यात ‘नशीब’ असा अर्थ करत नाहीत. डोळ्यांसारख्या इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता, असा अर्थ ते देतात. डोळा आपला, पण प्रकाश आपला नव्हे. आमच्या धंद्यात ऊन, थंडी, ढग यांची जागा मला इथंच दिसते. त्यांच्यावाचून घड पोसत नाही आणि त्यांच्यावर आपली सत्ता नाही. लगेच पुढं गीता म्हणते की पाच कारणं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. हे वाचून भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे माझ्या वाट्याला पाचातलं एक.” मी म्हटलं, “एक का? खटपटही तुझीच आणि साधनंही तूच निवडतोस. पण पाचवं तुझं नाही. त्याचा जाब स्वतःला विचारू नकोस.”

‘दैव’ हा जो शब्द माणसाला बसवून ठेवतो तोच नीट वाचला तर उठवतो, याला आपल्याकडे मोठा आधार आहे. योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला सांगतात की दैव म्हणून निराळं काही नाहीच, तो आपलाच मागचा प्रयत्न. मागचा आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे झुंजतात आणि ज्याच्यात बळ जास्त तो जिंकतो. हे मत टोकाचं आहे, मी सगळंच्या सगळं घेत नाही. गारा माझ्या मागच्या प्रयत्नानं पडल्या, असं मला म्हणवत नाही. पण आजच्या एडक्याला बळ द्या, हे सांगणं खरं आहे.

दुसरा आधार आमच्याच तालुक्यातला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ ला आमच्या निफाडमध्ये जन्मले. प्रार्थना समाजातला हा ईश्वरनिष्ठ माणूस. १८९७ मध्ये अमरावतीच्या सामाजिक परिषदेत आपला समाज का खालावला याची कारणं त्यांनी सांगितली. त्यांत अन्याय मुकाट सोसणं आणि ऐहिक कल्याणाविषयी दैववादाच्या काठावर गेलेली बेफिकिरी ही दोन्ही होती. परमेश्वरावर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाला दैववाद हा दोष वाटला, हे आमच्या तालुक्यात पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

आणखी एक शब्द सांगतो: अनागत, म्हणजे अजून न आलेलं. पतंजली म्हणतात, टाळायचं असतं ते न आलेलं दुःख. योगसूत्रांवरच्या व्यासांच्या भाष्यात याचा उलगडा आहे. झालेलं दुःख भोगून संपलं, चालू क्षणाचं भोगण्यातच आहे, उरलं ते पुढचं, आणि तेच टाळता येतं. या एका सूत्रात पीकविमा बसतो, बागेवरचं प्लास्टिकचं आच्छादन बसतं, सगळी बाग एकाच हप्त्यात न छाटण्याचा शहाणपणा बसतो. भावानं पुढच्या वर्षी छाटणी दोन टप्प्यांत घेतली.

स्वतःच्या दुःखापुढं कोणी आपल्या मनाशी ‘प्रारब्ध’ म्हणून शांत होत असेल, तर त्याला मी अडवणार नाही. तो त्याचा आणि त्याच्या देवाचा प्रश्न. पण दुसऱ्याच्या अंगणात हा शब्द नेऊ नका. तरुणपणी नवरा गेलेल्या बाईला तर मुळीच ऐकवू नका. ती तो शब्द आपल्या कपाळाचा दोष म्हणून ऐकते. गारपीट झालेल्या घरी जाल तेव्हा तलाठी येऊन गेला का, पंचनाम्यात सगळं क्षेत्र लागलं का, विमा कंपनीला मुदतीत कळवलं का, एवढं विचारा. आणि नसेल कळवलं, तर तिथंच बसून फोन लावून द्या.