गोड बॉल

पहाटे सहाला आमच्या जिमखान्यावर दोनच आवाज असतात. झाडणाऱ्या बाईंच्या खराट्याचा आणि अण्णाच्या रॅकेटचा. अण्णा आमचा मार्कर. नव्या क्लबांतून हा शब्द गेला. तिथे ‘हिटिंग पार्टनर’ असतो आणि तो मेंबरांच्या शेजारी बसून कॉफी पितो. आमच्याकडे अजून मार्करच आहे. ज्याला जोडीदार मिळाला नाही त्याच्याशी तास-अर्धा तास खेळायचं, त्याचे ठरलेले पैसे, दिवाळीला पाकीट. अण्णा दहा वर्षांचा असताना चेंडू गोळा करायला आला, मेंबरांनी टाकलेल्या रॅकेटनं मागच्या भिंतीवर खेळत शिकला, आणि आता सत्तेचाळीस वर्षांचा आहे. मेंबरांची शाळकरी पोरंही त्याला ‘ए अण्णा’ म्हणतात.

ही गोष्ट मात्र डॉक्टरची. दातांचा डॉक्टर, वय एकोणचाळीस. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खेळला होता. पुढे बीडीएस, क्लिनिक, कर्ज, संसार. २०२४च्या जानेवारीत रोहन बोपण्णानं त्रेचाळिसाव्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि तो दुहेरीत जगात पहिला झाला. त्या आठवड्यात देशभरातल्या किती चाळिशीच्या पुरुषांनी माळ्यावरची रॅकेट खाली काढली असेल कोण जाणे. बोपण्णा त्याआधी वीस वर्षं व्यावसायिक टेनिस खेळत होता, हा हिशेब त्या आनंदात कोणी मांडला नाही. डॉक्टरनंही नाही. चहाचा कप खाली ठेवून तो मला म्हणाला, ‘‘काका, दोन वर्षांत एटीपीचा एक पॉइंट. फक्त एक.’’

एक म्हटलं की किरकोळ वाटतं. एटीपीची क्रमवारी १९७३पासून निघते आहे आणि तिच्यात शिरायची सगळ्यात खालची पायरी म्हणजे आयटीएफची एम-१५ स्पर्धा. त्या नावातले १५ म्हणजे एकूण बक्षिसाचे पंधरा हजार डॉलर. मुख्य फेरीत बत्तीस जण. पहिला सामना हरलात तर भोपळा, जिंकलात तर एक पॉइंट. तोही बावन्न आठवड्यांनी गळून पडतो. आणि ज्याचं नाव कुठल्याच यादीत नाही त्यानं आधी पात्रता फेरीतले दोन-तीन सामने जिंकायचे, त्यांचे एटीपी पॉइंट शून्य. शिपायाच्या नोकरीसाठी पदवीधरांची रांग लागावी तशी ही रांग असते.

डॉक्टरला हे सगळं पाठ होतं. त्यानं आयटीएफचा आयपिन क्रमांक काढला. दोन सारख्या रॅकेट घेतल्या, दर पंधरा दिवसांनी गटिंग, ताण ५२ पौंड. साखर सोडली. (दातांच्या डॉक्टरनं ती एकोणचाळिसाव्या वर्षी सोडावी, हेही एक आहेच.) मोबाइलमध्ये त्यानं एक बातमी जपून ठेवली होती: २०१६ साली अमेरिकेत अलाबामाला ६९ वर्षांच्या गेल फाल्कनबर्ग यांनी व्यावसायिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत बावीस वर्षांच्या मुलीला हरवलं. ही बातमी तो क्लिनिकमध्ये पेशंटनाही दाखवायचा. पेशंटच्या तोंडात कापूस असायचा, त्यामुळे कोणी पुढचं विचारत नसे. पुढच्या फेरीत त्या बाई टेलर टाउनसेंडकडून ६-०, ६-० अशा हरल्या होत्या.

आणि त्यानं सहा ते सात हा अण्णाचा तास वर्षभरासाठी लावून टाकला.

मी पेपर घेऊन बाकावर बसायचो आणि बघायचो. बघण्यासारखंच होतं ते. डॉक्टरचा फोरहँड देखणा, आणि अण्णाचा चेंडू यायचा तो बरोबर त्या फोरहँडवर, कमरेच्या उंचीला, रॅकेटला आपणहून भेटायला आल्यासारखा. डॉक्टर कोपऱ्यात मारायचा, अण्णा दोन पावलांत तिथे आणि चेंडू परत मधोमध. तीस फटके, चाळीस फटके. डॉक्टर धापा टाकायला लागला की अण्णा एक उंच, आळशी लॉब द्यायचा आणि डॉक्टर तो स्मॅश करून ‘कम ऑन’ ओरडायचा. रविवारी सेट व्हायचा. कधी ६-४ डॉक्टर, कधी ७-५ अण्णा, पुढच्या रविवारी पुन्हा ६-४ डॉक्टर. पाच-चारला अण्णाची हमखास डबल फॉल्ट.

‘‘अण्णा हल्ली दमतो,’’ डॉक्टर मला म्हणाला.

यूटीआर म्हणून टेनिसचं एक मापन आहे. एकपासून साडेसोळापर्यंत, बाई, पुरुष, पोर, म्हातारा, सगळ्यांना एकच पट्टी. क्लबात बरा खेळणारा माणूस सहा-सातच्या आसपास भरतो आणि एटीपीचा पॉइंट काढणारे साधारण तेराच्या पुढचे असतात. हा आकडा खऱ्या सामन्यांच्या निकालांवरून निघतो. डॉक्टरनं स्वतःचा आकडा अण्णाबरोबरच्या रॅलीवरून काढला. दहा.

एका रविवारी त्याची बायको आली होती. तिला टेनिसमधलं काही कळत नाही, असं ती स्वतःच सांगते. दहा मिनिटं बघून तिनं मला विचारलं, ‘‘काका, ते अण्णा नेहमी ह्यांच्या उजव्या हातालाच का हो मारतात?’’

मी पेपरात तोंड घातलं.

पुढच्या वर्षी दक्षिणेतल्या एका शहरात एम-१५ होती. पात्रता फेरीत जागा उरल्या होत्या, डॉक्टरचं नाव लागलं. क्लिनिक चार दिवस बंद. समोर उत्तरेकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. त्याचंही नाव एटीपीच्या यादीत नव्हतं. पोरानं पहिली सर्व्हिस डॉक्टरच्या बॅकहँडवर केली. चेंडू टप्पा पडून खांद्याच्या वर गेला. दुसरी तशीच. तिसरी तशीच. डॉक्टर बॅकहँडकडे सरकून उभा राहिला, तेव्हा चौथी उजवीकडून निघून गेली.

६-०, ६-०. एकोणचाळीस मिनिटं. कमरेच्या उंचीला एकही चेंडू आला नाही.

मला फोनवर त्यानं आधी सांगितलं ते हे की २०१९मध्ये दोह्याला एम-१५च्या पात्रता फेरीत एक जण ४८ पैकी ४८ पॉइंट हरला होता, बावीस मिनिटांत, आणि आपल्याला निदान नऊ मिळाले. मग जरा थांबून म्हणाला, ‘‘त्यातले सात त्याच्या चुकीचे.’’

पण एक गोष्ट त्यानं चांगली केली. परतीचं तिकीट बदललं आणि तिथेच थांबला. त्याला हरवणारा पोरगा दुसऱ्या दिवशी ६-२, ६-१ असा हरला. त्या पोराला हरवणारा मुख्य फेरीत पोचला आणि पहिल्याच सामन्यात सरळ दोन सेटमध्ये घरी गेला. तो एक पॉइंट ह्या तिघांच्याही पलीकडे होता. डॉक्टर प्रेक्षकांच्या बाकावर बसून तो बघत होता. इतक्या लांबून त्यानं तो पहिल्यांदाच पाहिला.

सोमवारी सहाला तो कोर्टवर आला. बॅग उघडली नाही. ‘‘अण्णा, खरं सांग. तू मला मुद्दाम जिंकू द्यायचास?’’

अण्णानं हातातला चेंडू खिशात टाकला. ‘‘जिंकू नाही द्यायचो, साहेब. खेळवायचो.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मेंबर खूश होऊन घरी गेला पाहिजे. पोरगा होतो तेव्हा एका मोठ्या साहेबांना सहा-शून्यनं हरवलं होतं. महिनाभर मला एकानंही तास दिला नाही. जुना मार्कर होता, त्यानं शिकवलं मग. बॉल गोड टाकायचा. मेंबरच्या हाताला गोड लागला पाहिजे.’’

दातांच्या डॉक्टरला गोडाचं सांगावं! मला बाकावर हसू आलं आणि लगेच गेलंही, कारण डॉक्टर हसत नव्हता. तो माझ्याकडे वळला. ‘‘काका, माझ्याकडे लोक पैसे देऊन काय ऐकायला येतात? दाढ किडली, काढावी लागेल. मी एकालाही खोटं सांगत नाही. आणि इथे मी रोज सकाळी पैसे देऊन...’’ ते वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

‘‘तुम्ही कधी म्हणालात का साहेब, हरव म्हणून?’’ अण्णानं विचारलं. आवाजात तक्रार नव्हती. खरंच विचारत होता.

‘‘नाही म्हणालो. आता म्हणतो. उद्यापासून खरा बॉल टाका.’’

टाका. वीस वर्षांत त्या कोर्टवर अण्णाला कोणी अहो-जाहो केलेलं मी ऐकलं नव्हतं. अण्णानंही ऐकलं नसावं. तो थोडा वेळ जाळीकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘तास बंद नाही ना करणार?’’

दुसऱ्या दिवशी मी जे पाहिलं त्याची मला लाज वाटते, कारण वीस वर्षं मी त्याच बाकावर बसत होतो आणि अण्णाला खेळताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या हातात ताकद नव्हती, त्या वयात कुठून असणार. पण चेंडू काय टाकत होता! बॅकहँडला खाली कापलेला स्लाइस, टप्पा पडला की घोट्याशी मरणारा. डॉक्टर तो उचलायला वाकला की पुढचा डोक्यावरून, बेसलाइनच्या वीतभर आत. डॉक्टर मागे पळाला की जाळीच्या अलीकडे टपकन एक. पंधरा मिनिटांत सहा-शून्य. अण्णाच्या बनियनला घाम नव्हता. मधूनच तो सवयीनं ‘सॉरी साहेब’ म्हणत होता.

असं दहा दिवस चाललं आणि कुजबुज सुरू झाली. मेंबराला मार्कर असा पळवतो, शोभतं का? एकानं सेक्रेटरींकडे तोंडी तक्रार केली. डॉक्टरनं ऑफिसात चिठ्ठी दिली: ‘मला हरवण्याची विनंती मी स्वतः केली आहे.’ ती चिठ्ठी कोणत्या फायलीत लावायची ते क्लार्कला कळेना. शेवटी ‘कोर्ट दुरुस्ती’च्या फायलीत लावली.

डॉक्टरनं क्लिनिकच्या अपॉइंटमेंटच्या डायरीत रोजचा स्कोअर लिहायला सुरुवात केली. एका रेषेत रूट कॅनल, खालच्या रेषेत ६-०. फेब्रुवारी सगळा ६-०. मार्च ६-०. एप्रिलमध्ये तो बॅकहँड सोडून दुसरं काही खेळलाच नाही. अण्णा सोडून कोणी जोडीदार मिळाला तर त्याच्याशीही नाही. मे महिन्यात पहिल्यांदा एक गेम ड्यूसपर्यंत गेला. अण्णानं तो सहज काढला, पण जाळीजवळ येऊन डॉक्टरच्या पायांकडे बोट दाखवलं: स्लाइसला गुडघे आधी वाकवा, रॅकेट मागून. मार्करनं मेंबराला आपणहून काही शिकवावं असा रिवाज आमच्याकडे नाही. खरा बॉल टाकायला लागल्यावर त्याला बोलायलाही यायला लागलं होतं.

पावसाळ्यात कोर्ट ओलं, खेळ बंद. डॉक्टर मागच्या भिंतीवर खेळायचा, अण्णा जिथे शिकला त्याच भिंतीवर.

ऑक्टोबरात एका मंगळवारी डॉक्टर ०-३ असताना त्याची सर्व्हिस होती. तीस-तीस. अण्णाचा स्लाइस आला, तोच, घोट्याशी मरणारा. डॉक्टर खाली गेला आणि बॅकहँड रेषेवरून सरळ मारला. अण्णा पळाला. खरंच पळाला, रॅकेट लांबवली, चेंडू फ्रेमला लागून बाजूच्या कोर्टवर गेला. पुढच्या पॉइंटला लॉब आला; डॉक्टर मागे पळत गेला आणि त्यानंही लॉबच परत दिला. अण्णाचा स्मॅश जाळीत.

गेम.

डॉक्टरनं ‘कम ऑन’ म्हटलं नाही. तो संशयानं बघत राहिला. ‘‘अण्णा, दिलात?’’

अण्णा वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. त्यानं मान हलवली. बोलायला त्याला दम नव्हता. खांद्यापासून कमरेपर्यंत बनियन भिजलं होतं.

डायरीत त्या दिवशी ६-१ लिहिलं आहे. एटीपीच्या यादीत डॉक्टरचं नाव नाही आणि येणारही नाही. हे तो आता स्वतःच सांगतो, पेशंटला दाढेबद्दल सांगतो त्याच आवाजात. गटिंगचा ताण अजून ५२ आहे आणि सहाचा तासही चालू आहे.

त्या मंगळवारी सात वाजता डॉक्टर गेला आणि एक निवृत्त अधिकारी आले. अण्णानं टॉवेलनं तोंड पुसलं, नवा चेंडू घेतला आणि पहिलाच त्यांच्या फोरहँडवर टाकला, कमरेच्या उंचीला. साहेबांनी तो झकास मारला.

साडेसात ते आठ माझी वेळ असते. मी अण्णाला अजून काही सांगितलेलं नाही.